वाचक विचारतात: गवत कापायच्या मशीनची पुली गंजून शाफ्टला धरलीय, काय करू?

प्रश्न : नमस्कार मिस्त्री. मी पाचगणीत एका निवासी शाळेत ग्राउंडचं काम बघतो. आमच्याकडं बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, पेट्रोलवरचं, साडेसतरा हॉर्सपॉवरचं, बाहेरच्या देशात बनलेलं. गेले तीन पावसाळे ते ताडपत्री टाकून उघड्यावरच होतं. इंजिनच्या खाली शाफ्टवर दोन खोबणीची पुली असते, एका खोबणीतून चाकांचा पट्टा जातो आणि दुसरीतून पात्यांचा, ती पुली गंजून शाफ्टला पार धरलीय. इंजिनच्या बुडातून ऑइल गळतंय म्हणून सील बदलायचंय आणि पुली निघाल्याशिवाय सीलपर्यंत हातच जात नाही. खालचा बोल्ट वाईच्या टायरवाल्याची बोल्ट सोडवायची गन आणून काढला, तो निघाला, पण पुली जागची हलत नाही. आमच्यातल्या एकानं वरनं पहार घालून घणाचे दोन-तीन ठोके दिले तर पुलीची कड वाकली. डीलर म्हणतोय इंजिन उतरवून पाठवा, तीन आठवडे लागतील. 15 ऑगस्टच्या आत ग्राउंड नीट करायचंय. गॅस कटर लावू का?

उत्तर : दादा, गॅस कटर नको, आणि ती पहार आणि घण आजच्या आज बाजूला ठेवा. तुम्ही ज्याला शाफ्ट म्हणताय तो इंजिनचा क्रँकशाफ्टच आहे, वरच्या फ्लायव्हीलपासून खाली पुलीपर्यंत एकच लोखंड. खालून ठोका मारला की तो सरळ आतल्या बेअरिंगच्या जागेवर जातो, आणि पहार लावून उचकटायला गेलात तर पहारीचं दुसरं टोक टेकतं इंजिनच्या बुडावर, जे बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, नसून ॲल्युमिनियमचं असतं, त्याला चीर गेली की सील बदलून उपयोग नाही, अख्खं बूडच बदलावं लागतं. पुली नवीन मिळते, नाहीतर लेथवर करून घेता येते. क्रँक वाकला तर इंजिन खोलावं लागतं. म्हणून या कामात पुली मेली तरी चालेल पण शाफ्टला ओरखडा नको, एवढं एक धरून चाला.

आता ही धरली कशी ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय हात चुकीच्या जागी जातो. या मशीनचा शाफ्ट बहुतेक एक इंचाचा असतो, म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि पुलीचं भोक त्याच्यावर नुसतं सरकेल इतकंच मोठं, मधे कागद जाणार नाही एवढी फट. त्या फटीत ओल शिरली की गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. जागा तर नाही. मग तो दोन्हीकडून दाबत बसतो, जसं भिंतीतली सळई गंजली की प्लॅस्टर फुगून पडतं तसं, फक्त इथं फुगायला वाव नाही म्हणून पाचर मारल्यासारखी पुली आवळली जाते. त्यात तुमची पुली दोन खोबणीची, म्हणजे भोक लांब, म्हणजे चिकटलेली जागाही तेवढी जास्त. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पाचगणीत त्याच्यापेक्षा बराच कमी पण धुकं तेच, आणि ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली की आतली वाफ बाहेर पडत नाही, डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाखाली, चिकटलेलं ओलं गवत असतंच, त्यामुळं झाकलेलं मशीन खालनं उघड्या मशीनपेक्षा जास्त गंजतं. हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

कामाला सुरुवात करायच्या आधी प्लगची वायर काढून बांधून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा. पात्यांचा डेक खाली सोडून, पट्टा काढून, पिना काढून बाजूनं ओढून घ्या, जड असतो, दोघं लागतील. मागच्या चाकांना विटा लावा आणि पुढनं मशीन उचलून स्टँडवर किंवा चांगल्या लाकडी ठोकळ्यांवर बसवा. नुसत्या जॅकवर उभ्या मशीनखाली डोकं घालायचं नाही, पोरांनाही घालू देऊ नका. आणि कुशीवर पाडायचीच वेळ आली तर कार्बोरेटरची बाजू वर राहील असं पाडा, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमधे उतरतं.

मग पुलीच्या नळीवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, कुठं ग्रब स्क्रू, म्हणजे पुली जागेवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, आहे का ते तारेच्या ब्रशनं घासून बघा. सगळ्यांना नसतो, पण असला आणि दिसला नाही तर पुढचं सगळं वाया.

आता तेल. लोक डब्ल्यूडी-40 चा डबा आणतात आणि खालनं फवारून मोकळे होतात. ते वाईट नाही, पण डब्ल्यूडीचा अर्थच मुळी पाणी हटवणारं असा आहे, 1953 मधे ते लोखंडावरची ओल काढायलाच बनलं. तुम्हाला पाहिजे ते पेनिट्रेटिंग ऑइल, हार्डवेअरवाल्याकडं गंज सोडवायचं तेल म्हणून मिळतं. पण तेल कुठलं यापेक्षा ते कुठून घालता याला महत्त्व जास्त. तुमचा शाफ्ट खाली तोंड करून आहे. खालनं मारलेलं तेल भोकात चढायच्या आधी टिपकून तुमच्याच तोंडावर येतं. ते वरनं गेलं पाहिजे, पुली आणि इंजिनचं बूड यांच्यामधे जी बोटभर फट आहे तिथनं. सलाईनची नळी असते ना, तिचा वीतभर तुकडा सिरिंजला लावा आणि तेल पुलीच्या नळीच्या वरच्या तोंडाशी सोडा. त्याच्याआधी सुती चिंधीची दोरी वळून, तेलात भिजवून, शाफ्टभोवती त्या फटीत दोन वेढे द्या. चिंधी तेल धरून ठेवते आणि हळूहळू आत देत राहते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, निदान तीन दिवस. प्रत्येक वेळी तेल घातलं की पाव किलोच्या हातोडीनं पुलीच्या नळीवर चारी बाजूंनी टकटक करायचं, जोरात नाही, दारावर टकटक करतो तेवढंच. ते पुली काढायला नसतं, गंजाला बारीक भेगा पडून तेलाला वाट मिळावी म्हणून असतं. खोबणीच्या कडेवर मारू नका, ती पत्र्याची आहे, एकदा वाकलीच आहे.

तिसऱ्या दिवशी पुलर लावा, म्हणजे पायांनी पुली धरून मधल्या स्क्रूनं ओढून काढायचं अवजार. दोन पायांचा नको, तीन पायांचा घ्या, साताऱ्यात किंवा वाईत गॅरेजवाल्यांकडं भाड्यानं मिळायला हरकत नाही. पाय कडेला अडकवायचे नाहीत, नळीच्या मागं गेले पाहिजेत. तुमच्याकडं वरची फट कमी आहे म्हणून बहुतेक पाय मागं जाणार नाहीत, तसं असेल तर बेअरिंग सेपरेटर मागा, दोन अर्ध्या चकत्या असतात, त्या मागनं सरकवून बोल्टानं एकत्र आवळायच्या आणि पुलर त्यांना धरायचा. म्हणजे ओढ सगळीकडून सारखी लागते.

एक बारीक गोष्ट इथं लोकांची हमखास चुकते. पुलरचा स्क्रू सरळ शाफ्टच्या टोकावर टेकवला की त्याचं टोक शाफ्टच्या भोकात, म्हणजे जिथनं बोल्ट काढला त्या आट्यांवर जाऊन बसतं आणि पहिल्या दोन-तीन आट्या चिरडते. मग नवीन पुली बसवताना बोल्टच लागत नाही. म्हणून जुना बोल्ट परत लावा, पण त्याचा मोठा वॉशर काढून, आणि बोल्टचं डोकं शाफ्टच्या टोकाला टेकेपर्यंत. वॉशर नसल्यानं बोल्ट तेवढा जास्त आत जाणार, तो भोकाच्या तळाला टेकत असेल तर थोडा कापून घ्या, दाब डोक्यावरून शाफ्टवर आला पाहिजे, आट्यांवर नाही. या बोल्टचं डोकं बहुतेक 16 मिलिमीटरच्या पान्याचं असतं आणि पुलीचं भोक 25 च्या वर, म्हणजे पुली बोल्टवरून आरामात उतरते. डोक्याच्या मधोमध ड्रिलनं छोटा खड्डा करा म्हणजे पुलरचं टोक घसरणार नाही.

आवळायचं कसं, तर हाताला चांगला जोर लागेपर्यंत आवळा आणि थांबा. नळीवर चारी बाजूंनी टकटक करा. परत पाव फेरा. परत टकटक. पाना फिरेनासा झाला की त्याला पाईप घालून लांब करू नका, तसंच ताणलेलं ठेवून घरी जा. रात्रभर तो ताण आणि वरनं झिरपणारं तेल दोन्ही काम करत असतात, सकाळी गेल्यावर बऱ्याचदा अर्ध्या फेऱ्यातच बंदुकीसारखा टक्क असा आवाज येतो आणि पुली दोन मिलिमीटर खाली आलेली असते. त्या आवाजाला घाबरू नका, पण त्यावेळी तोंड पुलरच्या समोर नको आणि डोळ्याला गॉगल हवाच, पुलरचा पाय सुटला तर तो फार वाईट लागतो.

एवढ्यानंही नाही निघाली तर उष्णता, पण बेतानं. लोखंड एक डिग्रीला एक मीटरमागं 12 मायक्रॉन फुगतं, तर तुमचं 25 मिलिमीटरचं भोक शाफ्टपेक्षा 200 डिग्रीनं जास्त गरम केलं तर साधारण 60 मायक्रॉन मोठं होतं, केसाच्या जाडीएवढं. वाचायला कमी वाटेल पण गंजाची पकड सोडवायला तेवढं पुरतं. अट एवढीच की पुली गरम आणि शाफ्ट गार पाहिजे, म्हणून सावकाश अर्धा तास तापवत बसायचं नाही, दोन-तीन मिनिटांत नळी भराभर तापवायची आणि लगेच पुलर आवळायचा. गॅसच्या ज्योतीपेक्षा हीट गन बरी, गाड्यांना फिल्म लावणाऱ्यांकडं असते. तुमचं सील तसंही बदलायचंय त्यामुळं ते करपलं तर हळहळ नाही, पण पेट्रोलचं भान ठेवा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते, टाकी आणि पाईप काढून लांब ठेवायचे, बॅटरी काढायची, चिंधी काढायची, सांडलेलं तेल पुसायचं, मशीन उघड्यावर आणायचं आणि पाण्याची बादली नको, वाळूची ठेवायची. गॅस कटर का नको तर त्याची ज्योत इतकी कडक असते की ती पुली आणि शाफ्ट दोन्ही एकदम लाल करते, मग फुगण्यातला फरकच राहत नाही आणि शेजारचं ॲल्युमिनियम वितळायला लागतं.

ज्यांचा बोल्टच निघत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गन नसेल आणि पाना फिरवला की इंजिनच फिरतं, तर प्लग काढा, पिस्टन दाबाच्या वेळेला वर येताना थोडा खाली असेल तिथं थांबवा आणि प्लगच्या भोकातून हातभर सुती किंवा नायलॉनची मऊ दोरी आत सोडा, टोक बाहेर ठेवून. पिस्टन दोरीवर येऊन अडतो आणि बोल्टला जोर देता येतो. आट्या नेहमीच्याच आहेत, खालून बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेला सुटतात. पिस्टन अडकवायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पिस्टनला भोक पडतं.

त्यांचंच दुसरं पत्र : हे आठ दिवसांनी आलं, अंक छापायला जायच्या आधी मिळालं म्हणून इथंच घेतलंय. "मिस्त्री, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. सेपरेटर मागं बसला. चार दिवस तेल घातलं. तिसऱ्या सकाळी टक्क आवाज झाला, आम्हाला वाटलं निघाली, पण पुली पाच-सहा मिलिमीटर खाली येऊन परत धरली. हीट गन दोनदा लावली. आता पत्र्याची खालची खोबणी नळीपासून सुटायला लागलीय. पुढं काय?"

उत्तर : पाच-सहा मिलिमीटर आली हे फार चांगलं झालं, म्हणजे शाफ्ट अजून सरळ आहे आणि वरचा गंज सुटलाय. परत धरली याचं कारण बहुतेक चावी. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून शाफ्टमधे जी चौकोनी चावी असते ती गंजून तिच्या गाळ्यात, म्हणजे खाचेत, फुगली असणार आणि पुलीबरोबर तिरकी होऊन अडकली असणार. एकदा पुली उलटी वर सरकवायचा प्रयत्न करा, एखादा-दीड मिलिमीटर जरी वर गेली तरी तेल घालून परत खाली ओढा, असं मागंपुढं केलं की गंजाचा भुगा बाहेर पडतो. तपकिरी तेल गळायला लागलं की समजा वाट झाली.

आणि नाहीच सरकली तर आता पुलीचा मोह सोडा. पत्रा सुटायला लागलाय म्हणजे ती तशीही परत वापरायची नाही. आधी दोन्ही खोबण्यांचा पत्रा ग्राइंडरनं कापून बाजूला करा, नळी मोकळी दिसली पाहिजे. आता खालच्या टोकाकडनं चावी कुठं आहे ते बघून नळीवर बरोबर त्याच रेषेत खडूनं खूण करा. ग्राइंडरला 1 मिलिमीटरची पातळ कटिंग डिस्क लावून त्याच रेषेवर नळी लांबीत कापत जा. तिथंच का, तर नळीच्या त्या बाजूला आत शाफ्ट नाही, चावी आहे. डिस्क थोडी जास्त खोल गेली तरी ती चावीला लागते, आणि चावी आपण बदलणारच आहोत. दुसऱ्या कुठल्याही जागेवर कापलं तर डिस्क शाफ्टमधे शिरते आणि तो चरा कायमचा राहतो. सगळं एका दमात कापू नका, एक-एक मिलिमीटरचे पास घ्या, डिस्कच्या आवाजात आणि ठिणगीत फरक पडेल तिथं थांबून फट साफ करून बघा, चावीची चकचकीत रेष दिसली की पुरे. मग त्या फटीत सपाट छिन्नी ठेवून हलका ठोका द्या, आडवा, शाफ्टच्या लांबीत नाही. नळी अंगठीसारखी उघडते आणि हातानं खाली येते. ठिणग्यांसाठी वरचे सगळे नियम परत तेच, टाकी लांब, बॅटरी लांब, इंजिनच्या बुडावर ओलं गोणपाट.

निघाली की लगेच सील बदलायला घेऊ नका. त्या घणाच्या ठोक्यांची मला अजून काळजी आहे. प्लग काढून ठेवा, चौकटीला एक जाड तार बांधून तिचं टोक शाफ्टला केसभर लांब ठेवा आणि इंजिन वरनं हातानं हळू फिरवा. तार आणि शाफ्टमधली फट सगळ्या फेऱ्यात सारखी राहिली तर निवांत. कमी-जास्त होताना डोळ्यानं दिसली तर शाफ्ट वाकलाय, मग नवीन सील पण महिन्यात गळणार आणि तेव्हा इंजिन खोलण्याशिवाय इलाज नाही. डायल गेज असेल तर त्यानंच बघा.

शाफ्ट बरा निघाला तर 320 नंबरच्या एमरी पेपरच्या पट्टीनं, बूट पुसतात तशी पट्टी मागंपुढं ओढून साफ करा. सील बसते त्या जागेला अजून बारीक पेपर, आणि सील आत सरकवताना शाफ्टवर कागदाची गुळगुळीत नळी घाला नाहीतर गाळ्याच्या धारेवर तिचं ओठ फाटतं.

चावीचं एक लक्षात घ्या. ही मशीनं इंचातली आहेत, चावी पाव इंचाची म्हणजे 6.35 मिलिमीटर. दुकानदार 6 ची देईल आणि म्हणेल बसते की. बसते, पण हलते, आणि हलणारी चावी थोड्याच दिवसांत गाळा रुंद करते. 8 ची चौरस पट्टी आणून फायलीनं घासून बरोबर मापाची करा, अर्धा तास जातो पण जावा. बोल्टचं पण तेच, तो बहुतेक 7/16 इंचाचा बारीक आट्यांचा आहे, त्यात 10 चा ढिला पडतो आणि 12 चा घुसवला तर आट्या गेल्या. पुली नवीन मागवायला वेळ नसेल तर साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर करून मिळेल, फक्त जुनीचे तुकडे टाकून देऊ नका, दोन खोबण्यांमधलं अंतर, खोबणीची रुंदी, तिचा कोन आणि बाहेरचा व्यास त्यावरूनच घ्यायचाय. दोन खोबण्यांमधलं अंतर दोन मिलिमीटरनं चुकलं तरी पट्टा तिरका चालतो आणि कडेनं खातो.

बसवताना शाफ्टला अँटीसीझ कंपाउंडचा पातळ हात, बोटानं पुसून राहील एवढाच. ते तांबं नाहीतर निकेल घातलेलं ग्रीस असतं, साध्या ग्रीससारखं धुवून जात नाही. बोल्टच्या आट्यांना ते लावू नका, तिथं निळं थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक.

प्रश्न : मिस्त्रीकाका, मी साताऱ्यात घरगुती पिठाची गिरण चालवते. दोन वर्षांपूर्वी पुली काढताना अशीच अडचण आली होती, मोटरच बदलावी लागली. परत तसं होऊ नये म्हणून काय करू? शेजारचे म्हणतात भरपूर ग्रीस भरून ठेवा.

उत्तर : ताई, भरपूर नको. जास्तीचं ग्रीस बाहेर येऊन पट्ट्यावर उडतं, पट्टा घसरतो, आणि तुमच्याकडं पीठ उडत असतं ते त्या ग्रीसला चिकटून दगडासारखं होतं. पातळ हात पुरे. त्यापेक्षा वर्षातनं एकदा, मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, कुणाकडनं तरी पुली नुसती बोटभर बाहेर ओढून, पुसून, परत बसवून घ्या. वर्षाचा गंज कोवळा असतो, पुलर लावला की लगेच सोडतो. बसवताना ती हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका, हातानं सरकली पाहिजे, नाही सरकली तर भोक किंवा चावी घासून घ्यावी. आणि बसवणाऱ्यासमोर उभं राहून बघा, मिस्त्री गेल्यावर कळून उपयोग नसतो.

प्रश्न : मी सांगलीचा, मळा नदीकाठाला आहे. 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरात आमची कडबाकुट्टी मोटरसकट आठवडाभर पाण्याखाली होती. तेव्हा जनावरं वाचवायची घाई, मशीन कोण बघतंय. नंतर मोटर रिवाइंड केली पण पुली तशीच ठेवून केली. आता बेअरिंग वाजतंय, ते बदलायला पुली काढायला गेलो तर हलत नाही. पुली बीडाची आहे, वडलांच्या वेळची. ती मोडायला जीव होत नाही. दोन पायांचा पुलर लावला होता, कडेचा टवका गेला.

उत्तर : आधी पुलर काढा, दादा. बीड दाबाला फार दणकट पण ओढीला कच्चं, वाकत नाही, सरळ तुटतं. टवका गेला ती वॉर्निंग समजा, पुढचा ठोका आरपार भेग देईल. तुमच्या पत्रातलं वडलांच्या वेळची हे वाचलं म्हणून ही वाचवायचा रस्ता आधी सांगतो.

पुराच्या मशीनमधे गंजाबरोबर गाळ असतो. कृष्णेचा तो काळा बारीक गाळ भोकात, चावीच्या गाळ्यात, ग्रब स्क्रूच्या भोकात जाऊन वाळतो आणि सिमेंटसारखा बसतो, वरनं रंग दिलेला असला तर स्क्रू होता हे पण कळत नाही. म्हणून तेलाच्या आधी पाणी. हो, पाणीच. गाळ तेलानं सुटत नाही. मोटर बाकड्यावर घ्या, मोटरच्या तोंडाला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, आणि पुलीच्या नळीवर गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. नळीवर एक गोल खळगा सापडेल, बहुतेक बरोबर चावीच्या डोक्यावर. त्यातला गाळ सुईनं कोरून काढा, तळाला षटकोनी भोक दिसलं की ॲलन की लावा. तो स्क्रू निघाला म्हणजे झालं असं समजू नका, टॉर्च लावून आत परत बघा. जुन्या कारागिरांची पद्धत होती, एक स्क्रू चावीवर आवळायचा आणि तो ढिला होऊ नये म्हणून त्याच्याच डोक्यावर दुसरा. लोक वरचा काढतात, खालचा तसाच राहतो, आणि मग पुली बीडाची असो नाहीतर पोलादाची, मोडल्याशिवाय येत नाही. मला तर तुमच्या पत्रावरून दाट शंका आहे की तुमचं दुखणं तेच आहे.

ओल पूर्ण सुकवून मग तेल. तुमचं काम पाचगणीच्या दादांपेक्षा सोपं, कारण मोटर उचलून शाफ्ट वर तोंड करून उभी करता येते. नळीभोवती पोरांच्या खेळायच्या मातीची वाटी करून त्यात तेल भरून ठेवा, तीन दिवस, कमी झालं की परत भरा. ओढायला पुलीच्या कडेला किंवा आऱ्यांना हात लावायचा नाही. मागं सेपरेटर, आणि तो बसत नसेल तर 10 मिलिमीटर जाडीच्या प्लेटला इंग्रजी यू सारखी खाच कापून घ्या, ती मागनं घालून दोन लांब बोल्टांनी ओढा, दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा आळीपाळीनं. उष्णता दिलीत तर गोल फिरवत सगळीकडून सारखी द्या, आणि तापलेल्या बीडावर पाणी टाकू नका, तडकतं.

शाफ्टच्या टोकावर ठोकायचं नाही हे तुम्हालाही लागू. मोटरच्या शाफ्टवरचा ठोका बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या रस्त्यावर बारीक खड्डे पडतात, मग नवीन घातलेलं बेअरिंग पण पहिल्या दिवसापासून घरघरतं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदला, वाजतंय ते एकच असलं तरी, कारण पाणी दोन्हीकडं गेलं होतं. आणि जोडायच्या आधी वायरमनकडनं मेगरनं इन्सुलेशन तपासून घ्या, अर्थिंग पण. गोठ्यात जमीन ओली असते, जनावराला आणि माणसाला धक्का बसायला तेवढं पुरतं.

टवका गेलेल्या जागेचं म्हणाल तर टवका नुसत्या कडेचा असेल, खोबणीच्या उतारापर्यंत पोचला नसेल, तर फायलीनं त्याच्या धारा गोल करा आणि वापरा. खोबणीपर्यंत गेला असेल किंवा रॉकेलमधे बुडवून, पुसून, खडू फासल्यावर खडूवर ओली रेष उमटली, तर आत भेग आहे, ती पुली परत फिरवायची नाही, फिरताना बीड फुटलं तर तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही आणि कडबा घालणारा माणूस तिथंच उभा असतो. तसं झालं तर तिच्या मापानं नवी ओतून घ्या. कडबाकुट्टीसाठी तर आपल्या जिल्ह्याला बाहेर बघायची गरज कधी नव्हती, 1910 मधे औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं करायलाच, आणि मिरज-कुपवाडला आजही बीड ओतणारे आहेत. नमुना म्हणून वडलांची पुली न्या, पण ओतकाम झालं की ती परत मागून घ्या. लेथवाल्याला पट्टा ए सेक्शनचा आहे का बी, ते आधी सांगा. ए म्हणजे वरनं 13 मिलिमीटर रुंद, बी म्हणजे 17. आणि छोट्या व्यासाच्या पुलीला खोबणीचा कोन 34 अंश लागतो, मोठीला 38, कारण लहान पुलीवर वळताना पट्टा खालनं फुगतो. सगळ्याला सरसकट एकच कोन कापून दिला तर पट्टा तळाला बसतो आणि ओल्या वैरणीला मशीन दम टाकतं.